लाल दोऱ्याच्या कोंबड्या

धसईला माझी बदली झाली तेव्हा गावात रिकामी अशी एकच खोली होती, आणि ती रिकामी का आहे हे सांगायला कोणी तयार नव्हतं. अंगणात पाऊल टाकलं आणि कळलं. सडलेल्या चिंबोऱ्या, कॉस्टिक सोडा आणि व्हिनेगर या तिघांचा मिळून एक वास तिथे ठाण मांडून बसला होता. घरमालक ओटीवर मांडी घालून खेकड्याच्या नांग्या खलबत्त्यात कुटत होते. वय साठीच्या आसपास, अंगात बंडी, आणि पँटीला मांडीवर चार-पाच भोकं. भोकांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी होत्या.

‘काय करता?’ त्यांनी वर न बघता विचारलं.

‘जनावरांच्या दवाखान्यात आहे. पशुधन पर्यवेक्षक.’

कुटणं थांबलं. ‘म्हणजे कोंबड्यांना लस देता?’

‘देतो. लोकांनी कोंबड्या हातात दिल्या तर.’

‘मग खोली तुमची,’ ते म्हणाले, आणि खेकड्याची पूड लागलेल्या हाताने किल्ली माझ्या हातावर ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. कायम ‘पर्यवेक्षक’. मी त्यांना काका म्हणायचो. गाव त्यांना चिंबोरीवाला म्हणायचं.

आठ दिवसांनी माझी बायको शेणव्याहून सामान घेऊन आली. ट्रंक अंगणातच ठेवून तिने नाकाला पदर लावला. ‘इथं माणसं राहतात का मासळी बाजार भरतो?’

काकांना राग आला नाही, उलट आनंद झाला. ‘सूनबाई, हा वास नाही, हा पुरावा आहे. कवचातली प्रथिनं सुटताहेत.’

तेव्हापासून आमच्या घरात भाजी करपली, दूध उतू गेलं, काहीही झालं की बायको आतून ओरडायची, ‘प्रथिनं सुटताहेत!’

काकांची उमेदीची सगळी वर्षं मुंबईत लस बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत गेली होती. आधी बाटल्या धुतल्या, मग बाटल्या भरल्या, मग मोठ्या साहेबांच्या हाताखाली मदतनीस झाले. पदवी नव्हती, पण वाचन दांडगं. निवृत्तीला काही वर्षं उरलेली असताना ते साहेबांना म्हणाले की आपली लस उत्तम आहे, फक्त तिला कसं समोर जावं ते कळत नाही. साहेबांनी विचारलं, कुणासमोर? काका म्हणाले, शरीरासमोर. त्यानंतर त्यांचं आणि साहेबांचं फारसं जमलं नाही. राजीनामा देऊन ते वडिलांच्या घरी धसईला आले आणि खेकडे गोळा करू लागले.

त्यांचं म्हणणं मला समजायला एक पावसाळा लागला, आणि समजलं तेही चपातीमुळे. एके सकाळी बायकोने मळून ठेवलेली कणीक त्यांनी उचलली, तिचा लिंबाएवढा गोळा केला आणि त्यात सारख्या अंतरावर अख्खे मसूर खोचत बसले.

‘हा गोळा म्हणजे कण,’ ते म्हणाले. ‘खरा कण इतका बारीक, की केसाच्या जाडीत असे शेकडो बसतील. हे मसूर म्हणजे लसीचे तुकडे. नुसते मसूर नाकात सोडले तर? ओघळून जातील, शिंकेबरोबर उडतील, शरीराच्या पहारेकऱ्याला पत्ताही लागणार नाही. पण गोळ्यावर असे ओळीने बसवले, की पहारेकरी थांबतो. हे काय आलंय? असं एकसारखं? उचलतो, अख्खं गिळतो, आणि आयुष्यभर लक्षात ठेवतो. पर्यवेक्षक, कोण आलंय ते तो बघत नाही. कसं आलंय ते बघतो.’

‘आणि खेकडा कशाला?’

‘खेकड्याच्या कवचातून जो पदार्थ निघतो तो चिकट असतो. नाकाच्या ओल्या कातडीला धरून बसतो. परमेश्वराने गोळा तयारच ठेवलाय, आपण फक्त बारीक करायचा.’

त्या दिवशी आमच्या चपातीत मसूर निघाले. बायको कणकेच्या परातीवर तेव्हापासून पाटा ठेवू लागली.

माणसांच्या लशींचं बघायला जग पडलंय, असं काका म्हणत. त्यांचा सगळा जीव कोंबड्यांवर. त्याला कारणही होतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या भागातल्या पाड्यांवर मानमोडी येते. कोंबडी हिरवट हगते, झिंगते, मान पिळवटते, आणि चार-सहा दिवसांत खुराडीच्या खुराडी मोकळी होतात. त्यावर लस आहे, चांगली आहे, आणि ती देणं हेच माझं काम होतं. पण मुरबाडहून थर्मासमध्ये बर्फात घालून आणलेली ती बाटली टोकावड्याला एसटीतून उतरून डोंगरातल्या पाड्यापर्यंत पायी न्यायची म्हणजे पोचेस्तोवर बर्फाचं पाणी झालेलं असायचं. एकदा बाटली कालवली की ताबडतोब संपवायची, आणि कोंबड्या गेलेल्या असायच्या रानात. हाती लागलीच एखादी, तर नाकात थेंब टाकल्यावर ती डोकं असं झटकायची की निम्मी लस माझ्या शर्टावर. काकांच्या हिशेबाने माझ्या शर्टाला मानमोडी होणं आता अशक्य होतं.

तर अशा कोंबड्यांसाठी एकच थेंब, पण चिकटणारा, लक्षात राहणारा, असा त्यांना करायचा होता. अडचण एवढीच, की तो कण बघायला जे यंत्र लागतं ते अख्ख्या तालुक्यात नव्हतं. काकांकडे होता दोन सेलचा टॉर्च.

कण हवा तेवढा बारीक झाला की पाण्यात टॉर्च मारल्यावर हलकी निळी झाक दिसते, आणि मोठा राहिला तर पाणी नुसतं खडू कालवल्यासारखं पांढरं दिसतं, हे त्यांचं शास्त्र. ते खोटं नव्हतं. पण निळी झाक दिसायला अंधार हवा, आणि काकांना रात्रीपर्यंत धीर नसायचा. मग भर दुपारी, वैशाखात, ओटीवर घोंगडी पांघरून आत ते, मी, एक काचेचा पेला आणि टॉर्च. एकदा असेच आत होतो. पोस्टमन काकांच्या पुतण्याने धाडलेल्या शोधनिबंधांच्या झेरॉक्सचं पाकीट घेऊन आला. त्याला ओटीवर नुसतं हलणारं घोंगडं दिसलं.

‘कोन हाय आत?’ तो लांबूनच ओरडला.

‘आत्ता नको!’ आतून काका ओरडले. ‘निळं दिसतंय!’

पाकीट अंगणात टाकून तो गेला. संध्याकाळपर्यंत बाजारात पोचलं होतं की चिंबोरीवाला नि सरकारी डाक्टर घोंगडीखाली काहीतरी उतरवतात. मी डॉक्टर नाही हे मी सगळ्यांना सांगत सुटलो. उतरवण्याबद्दल कोणी ऐकूनच घेईना.

दुधाचं प्रकरण यापेक्षा महाग पडलं. दुधातही साधारण तशाच मापाचे कण असतात, आणि दूध पातळ केलं की निळी झाक जास्त चांगली दिसते. त्यामुळे काका हॉटेलात गेले की चहाच्या आधी दुधाच्या पेल्यात टॉर्च धरायचे. एका सकाळी भरल्या हॉटेलात ते मनापासून उद्गारले, ‘वा! काय सुंदर निळं आहे! इतकं निळं मी गेल्या सहा वर्षांत पाहिलं नाही!’

हॉटेलवाल्याने दूधवाल्याकडे पाहिलं. दूधवाल्याने काकांकडे. दुसऱ्या दिवशी त्याची तीन गिऱ्हाइकं तुटली आणि तिसऱ्या दिवशी तो काठी घेऊन आमच्या अंगणात उभा राहिला. काकांनी त्याला पाट दिला, पाणी दिलं, आणि हात जोडून विनंती केली की रोज अर्धा लिटर दूध याच प्रमाणात पाणी घालून आणत जा, तुलना करायला बरं पडतं. दूधवाल्याने पाणी पिऊन टाकलं. मग काठी भिंतीला टेकवून म्हणाला, ‘उद्यापासून आनतो.’

छत्र्यांचा प्रयोग मात्र मला आजही आठवला की घाम फुटतो, कारण त्यात मी पुढे होतो.

कण कसा घडवावा, लशीचे तुकडे त्यावर किती अंतराने बसवावे, याचा अंदाज घ्यायला काकांना पहारेकरी हवे होते. शरीरातले दिसत नाहीत, तेव्हा गावातले घ्यावेत. म्हणजे कुत्रे. त्यांनी टोकावड्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला असलेला एक पाडा निवडला. पहिल्या दिवशी मी एकटा, कोरड्या हिवाळ्यात, भर दुपारी, उघडी काळी छत्री घेऊन पाड्यात शिरायचं. दोन कुत्री भुंकली, एकाने नुसती मान उचलली. काकांनी वहीत टिपलं. मग त्यांनी धसईच्या भजनी मंडळाला गळ घातली. मंडळाच्या पेटीचा भाता फाटला होता. तो आपल्या चिंबोरीच्या डिंकाने चिकटवून देतो, या बोलीवर बारा माणसं तयार झाली. भाता पक्का चिकटला, हे सांगायला हवं. फक्त पुढची दोन वर्षं अभंगाला वास यायचा.

दुसऱ्या दिवशी ही बारा माणसं छत्र्या घेऊन विस्कळीत शिरली. पाच कुत्री भुंकली. तिसऱ्या दिवशी काकांनी सगळ्यांना पांढऱ्या टोप्या घातल्या, काठीने अंतर मोजून तीन-तीनच्या चार ओळी केल्या, मला सगळ्यांच्या पुढे ठेवलं, आणि बरोबरीने पाऊल टाकत आम्हाला पाड्यात सोडलं. पाड्यातली झाडून सगळी कुत्री उठली. काका मागून आनंदाने ओरडत होते, ‘बघा! तीच माणसं! तीच छत्री! फक्त रचना!’ आणि कुत्र्यांच्या मागोमाग कोयते, काठ्या घेऊन माणसं धावली.

‘धरनवाले आले! जमिनी मोजायला आले!’

बारा वारकरी वृत्तीची माणसं छत्र्या टाकून शेतातून पळाली. मी पळालो नाही, कारण माझी चप्पल बांधात अडकली होती. समोर एक म्हातारी उभी राहिली. काटकुळी, काष्टा घातलेली, हातात लाकडाचं ढलपं. ती ठकूबाय. पाड्यात तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

‘छत्री मिट आदी,’ ती मला म्हणाली.

मी मिटली. मागून काका हाशहुश करत आले आणि त्यांनी तिथेच, कोयत्यांच्या गराड्यात, कोंबड्यांच्या नाकापासून सुरुवात करून सगळं समजावून सांगितलं. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकलं.

‘म्हन्जे तुमी धरनवाले नाय. कोंबडीवाले.’

‘हो.’

‘आमच्या पाड्यात सुई नाय चालायची. मागं एक सरकारी आलता. सुया मारून गेला नि आठ दिसांत खुराडी रिकामी. पोराबाळांच्या तोंडचं अंडं गेलं. परत फिरकला पन नाय.’

तो माझ्या आधीचा माणूस. बहुधा रोग आधीच शिरलेल्या कोंबड्यांना टोचून गेला असणार. पण हे मी त्या वेळी बोललो नाही. त्या एका फेरीने आसपासच्या सगळ्या पाड्यांची दारं आमच्या दवाखान्याला बंद झाली होती, आणि दर उन्हाळ्यात तिथे कोंबड्या मरत होत्या.

‘सुई नाही,’ काका म्हणाले. ‘नुसता थेंब. नाकात.’

ठकूबायने आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘घाला. पन यका येळंला घाला. तुमच्यापायी यक जरी कोंबडी मेली ना, तर तुमा दोगांना या वाटंला परत यायचं नाय. नि तुमच्या दवाखान्यातल्या कुनालाच नाय.’

काका इतके खूश झाले की त्यांना यातलं पुढचं काही ऐकूच गेलं नसावं. मला गेलं.

प्रयोग कसा करायचा यावर आमचं ओटीवर भांडण झालं. मी म्हणत होतो, सगळ्या कोंबड्यांना साधी सरकारी लस देऊन मोकळं व्हावं. काका ऐकेनात.

‘सगळ्यांना एकच दिलं तर माझे कण चालले हे कळणार कसं? आणि काही घरांना नुसतं पाणी दिल्याशिवाय लस चालली, की यंदा मानमोडी पाड्यात आलीच नाही, हे तरी कळणार कसं?’

शास्त्राने ते बरोबरच होतं. म्हणून मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचं मला अजून वाईट वाटतं.

घरांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढल्या. काही घरांना काकांच्या कणांवर बसवलेली लस, काहींना साधी लस, काहींना नुसतं पाणी. ओळखायला कोंबड्यांच्या पायात दोरे: कणांच्या लाल, साध्या हिरवे, पाण्याच्या पांढरे. काकांनी पाड्याच्या अंगणात हे सगळं अर्धा तास खरं खरं समजावलं, काहीही लपवलं नाही. ठकूबायच्या घराची चिठ्ठी पांढऱ्यात निघाली. मी चोरून तिच्याकडे पाहिलं.

‘पान्यानं मरत नाय ना?’ तिने विचारलं.

‘नाही, छे!’ काका म्हणाले.

‘मग घाल.’

पहाटे कोंबड्या सोडायच्या आधी आम्ही घरोघर फिरून थेंब टाकले, दोरे बांधले. लाल दोरे बांधताना बायका हात जोडत होत्या. काकांना वाटलं, विज्ञानाला जोडताहेत.

तीन आठवड्यांनी रक्ताचे नमुने घ्यायचे ठरले होते; तेवढ्यापुरती सुई ठकूबायने कबूल केली होती. ते काका मुंबईच्या जुन्या मित्राकडे पाठवणार, तो तपासून सांगणार की कोणत्या कोंबडीच्या रक्तात रोगाशी लढायची किती ताकद आली. सहा वर्षांच्या घोंगडीचा तो निकाल. आदल्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. सुया, नळ्या, वही घेऊन आम्ही पाड्याखालच्या ओढ्याशी पोचलो तर वरून ढोल ऐकू आला.

पाड्याचा गावदेव, म्हणजे ग्रामदेवतेचा वर्षाचा उत्सव, होता त्या दिवशी. ठकूबायने काकांना पाटावर बसवलं, गळ्यात झेंडूची माळ घातली, कपाळाला शेंदूर लावला.

‘येवढा मोटा नवस आमच्या पाड्याला आजवर कुनी बोल्ला नवता,’ ती म्हणाली.

‘कसला नवस?’

‘आरं, देवाचा लाल दोरा तूच बांदलास ना? बावीस कोंबड्यांना? यक्या घरानं पन मागं ठेवली नाय बग. सगल्या दिल्या.’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलाण्यांकडे पाहिलं. तीन मोठ्या टोपांत रस्सा रटरटत होता.

मी या भागातला. नवसाच्या कोंबड्याला लाल दोरा बांधतात हे मला लहानपणापासून माहीत. पण दोऱ्याची रिळं मुरबाडच्या दुकानात मीच निवडली होती, आणि निवडताना माझ्या डोक्यात एवढंच होतं की लाल रंग लांबून दिसतो.

काका इतकी वर्षं कोंबड्यांवर काम करत, पण कोंबडी खात नसत. त्या दिवशी त्यांनी तांदळाची भाकरी मोडली आणि रश्शात बुडवली, कारण सगळा पाडा त्यांच्या घासाकडे बघत होता. एका बाईने पळसाच्या पानावर सोडवलेले लाल दोरे आणून दिले. काकांनी ते मोजले. बावीस. एकही कमी नव्हता. त्यांनी खरकट्या हाताने वही उघडली आणि डाव्या हाताने लिहिलं: ‘गट पहिला: सर्व पक्षी अभ्यासातून बाहेर. कारण: देव.’

परत निघालो. टोकावड्याच्या थांब्यावर एसटीची वाट बघत बसलो तेव्हा त्यांनी विचारलं, ‘पर्यवेक्षक, तुम्ही पोटभर खाल्लंत. मांस कसं होतं?’

‘चांगलं होतं, काका. भरलेलं.’

‘म्हणजे थेंबाने तब्येत बिघडली नव्हती,’ ते म्हणाले, आणि तेही वहीत लिहिलं.

कोणी दुसरा असता तर खचला असता. काका पुन्हा खेकड्यांकडे वळले. त्या महिन्यात त्यांनी जे पाणी बनवलं, त्यासारखं त्याआधी कधी झालं नव्हतं. मला सकाळीच घोंगडीत ओढलं. टॉर्च लावला आणि पेल्यात अशी स्वच्छ, शांत निळाई दिसली की मीसुद्धा पुन्हा वाकून पाहिलं. ‘हाच,’ ते कुजबुजले. ‘हाच तो कण.’ सरकारी बाटलीतली लस त्यावर चढवून त्यांनी एक छोटी कुपी बर्फात घालून ठेवली.

त्याच दिवशी धसईचा बाजार होता. अकराच्या सुमाराला ठकूबाय अंगणात आली. डोक्यावर डालगं, डालग्यात तिच्या आठ कोंबड्या, पायांत पांढरे दोरे. एवढी वाट ती चालत आली होती. डालगं उतरवून ती ओटीच्या पायरीवर बसली.

‘खालच्या पाड्यात मानमोडी आलीय,’ ती म्हणाली. ‘कालपासनं मरतायत. माज्या कोंबड्यांना तू पानी घातलंस. माज्या कोंबड्यांनी तुजं काय घोडं मारलं व्हतं?’

काका डालग्यातल्या पांढऱ्या दोऱ्यांकडे बघू लागले.

‘आता खरा थेंब घाल.’

ते आत गेले आणि बर्फाच्या डब्यातून दोन्ही बाटल्या घेऊन बाहेर आले. एका हातात माझी सरकारी, दुसऱ्या हातात त्यांची ती कुपी. मला वाटलं, आता पुन्हा चिठ्ठ्या. चार कोंबड्यांना हा, चारांना तो. प्रयोग पुन्हा उभा राहत होता, तोही मानमोडी दाराशी आलेली असताना. याहून चांगली संधी त्यांना आयुष्यात मिळाली नसती, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

‘हा सरकारी,’ काका म्हणाले. ‘हा मी केलेला.’

‘खरा कनचा?’ ठकूबायने विचारलं.

काकांना प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता. साध्या ‘किती वाजले’ला ते पाव तास घ्यायचे, पण सुरुवात ताबडतोब व्हायची. त्या दिवशी ते नुसते हातातल्या कुपीकडे बघत राहिले.

‘माझ्याचं मला अजून ठाऊक नाही,’ ते शेवटी म्हणाले. त्यांनी कुपी खिडकीच्या फळीवर उन्हात ठेवली आणि सरकारी बाटली माझ्या हातात दिली. ‘पर्यवेक्षक, ही कालवा. आणि आणखी तीन घ्या. पाड्यावर पांढऱ्या दोऱ्याचं एकही घर राहता कामा नये. खालच्या पाड्यात जिथे अजून पोचली नसेल, तिथेही.’

उन्हात ठेवलेली लस तासाभरात मरते. मला ते माहीत होतं, त्यांना तर होतंच. मी बायकोला खूण केली की उचल. तिने उचलायला हात पुढे केला तर काका म्हणाले, ‘राहू दे, सूनबाई.’ बायकोने पुढे त्या कुपीवरून कधी चेष्टा केली नाही.

ठकूबायच्या आठ कोंबड्यांना आम्ही ओटीवरच थेंब टाकले. बाकीच्यांसाठी तसेच निघालो आणि दिवस मावळेपर्यंत दोन्ही पाडे फिरलो. काका रानात कोंबड्यांमागे धावले, करवंदीच्या जाळीत घुसले, पँटीला नवीन भोकं पाडून घेतली. लोक हसत होते, पण कोंबड्या आणून देत होते.

ठकूबायच्या दोन कोंबड्या मेल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माना पिळवटल्या आणि गेल्या. बाकी पाड्यावर मानमोडी फारशी चढली नाही. हिरव्या दोऱ्याची तर एकही गेली नाही. पण तिची अट मला पाठ होती. यक जरी मेली तर. पुढच्या बाजाराला ती रिकाम्या हाताने येताना दिसली तेव्हा मी काकांच्या आधी अंगणात उतरलो.

‘ठकूबाय, बस. हे बघ, त्या दोघींच्या अंगात रोग आधीच शिरलेला असणार. थेंब टाकला त्याच्या आधीच. मग लस काय करणार? हे कुणाच्या हातात...’

‘पर्यवेक्षक, गप्प बसा,’ काका मागून म्हणाले. एवढ्या जोरात ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. ते पायरी उतरून तिच्यासमोर येऊन उभे राहिले. दोन्ही हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

‘तुमच्या दोन कोंबड्या मी मारल्या. मानमोडीने नाही, मी. खरा थेंब माझ्या हातात होता आणि मी पाणी घातलं.’

ठकूबायने पदराच्या टोकाने तोंड पुसलं. ती रागावलेली दिसत नव्हती.

‘म्हाइत हाय मला,’ ती म्हणाली. ‘तो सुईवाला पन असाच बोल्लेला, ह्या डाक्टरासारका. आदीच रोग व्हता म्हनं, तुमच्या नशिबातच नवत्या म्हनं. तू तसं बोल्ला असतास तर मी उठून गेले असते.’ ती थांबली, मग डोंगराकडे हात केला. ‘वरच्या पाड्यात माजी लेक दिलीय. तिच्या कोंबड्यांना अजून कुनी हात लावला नाय. उद्या सकाली ये, मी संगं येते.’